सुरतेचा किल्ला आणि नवागामचे दप्तर

महाराष्ट्रात शिकलेल्या कोणाही मराठी माणसासमोर सुरतेचे नाव काढावे, त्याच्या तोंडी पुढचा शब्द येतो तो 'लूट' हाच. चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचे चरित्र वाचताना हा शब्द मनात जो बसतो तो कायमचा. पुढे तो माणूस वकील होवो, डॉक्टर होवो की कचेरीतला कारकून होवो, सुरत म्हटली की त्याला घोड्यांच्या टापा ऐकू येतात आणि राजगडाकडे निघालेल्या भरलेल्या थैल्या दिसतात.

आम्ही जे मराठी लोक सुरतेतच राहतो, त्यांची मात्र या एका शब्दाने थोडी पंचाईत होते. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. नंदुरबार, शहादे, शिरपूर, अमळनेर, पारोळे, धरणगाव ही सारी गावे आमच्या गल्ल्यांतून भेटतात. मुले घरात अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि सिनेमाच्या गप्पा हिंदीत मारतात. ज्या शहराने भाकरी दिली त्या शहराच्या आठवणीत आपण लुटायला आलेले, आणि घरच्या आठवणीत तीच गोष्ट पराक्रमाची, अशा दोन आठवणींच्या मध्ये ही मुले वाढतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून या मुलांना काय सांगायचे, हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे. आणि तो प्रश्न सर्वांत जास्त टोचतो तो वस्तुसंग्रहालय पाहताना.

सुरतेला वस्तुसंग्रहालय नवे नाही. इंग्रजी अमदानीत, १८९० च्या सुमारास, विंचेस्टर नावाच्या कलेक्टराच्या पुढाकाराने येथे एक संग्रहालय उभे राहिले आणि बरीच वर्षे ते त्याच्याच नावाने ओळखले जाई. स्वातंत्र्यानंतर त्याला सरदार पटेलांचे नाव मिळाले आणि आज ते सिटीलाइट भागात विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. जरीकाम, किनखाब, चिनी मातीची भांडी, लाकडावरचे कोरीवकाम अशी या व्यापारी शहराला शोभेल अशीच त्यातली दौलत आहे. त्याच्या जोडीला गेल्या काही वर्षांत महानगरपालिकेने चौक बाजारातल्या जुन्या किल्ल्याचा जीर्णोद्धार केला आणि त्याच्या दालनांतून शहराचा इतिहास मांडला. वर्षानुवर्षे ज्या किल्ल्यात सरकारी कचेऱ्या होत्या आणि जिथे माणूस कामाशिवाय जात नसे, तिथे आता शाळांच्या सहली जातात. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली.

किल्ला तापीच्या काठाला लागून आहे. पोर्तुगीजांनी १५१२ साली आणि पुन्हा १५३० च्या सुमारास सुरत जाळली. त्यानंतर गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमाने खुदावंदखान या सरदाराने १५४० ते १५४६ या काळात हा किल्ला बांधला. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला अडवणे हा त्यामागचा हेतू. १५७३ साली अकबराने वेढा घालून तो घेतला आणि सुरत मोगलांचे मुख्य बंदर झाली. मक्केच्या यात्रेची जहाजे येथूनच सुटत. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी येथे आल्या. वीरजी व्होरासारखे सावकार असे होते की परदेशी कंपन्याही त्यांच्याकडून कर्ज काढीत.

आता १६६४ कडे येऊ. त्या साली जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले. तेव्हा शहराचा मोगल सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून या किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला पडला नाही. महाराजांनी तो घेण्यात वेळही घालवला नाही. बाहेर मात्र चार दिवस शहर लुटले गेले आणि बराच भाग जळाला. किल्ल्यावरून तोफा उडत होत्या, पण त्या गोळ्यांनी मराठ्यांपेक्षा शहरातल्या घरांचेच नुकसान अधिक झाले, असे तत्कालीन नोंदी सांगतात. इनायतखानाने बोलणी करायला म्हणून पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला. पहारेकऱ्याने त्याचा हात जागीच तोडला आणि मग त्या रागात कैद्यांचेही हाल झाले. इंग्रजांनी आपली वखार जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली राखली. अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रज पकडला जाऊन महाराजांच्या छावणीत गेला होता. त्याने जे पाहिले ते सांगितले आणि वखारीच्या पाद्र्याने ते पत्रात लिहून विलायतेला पाठवले. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहून गेला आहे की कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोजच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही तो दानधर्मी होता म्हणून सोडून दिले.

ही सारी हकीकत मी नववीच्या मुलांना किल्ल्याच्या तटाखाली उभी करून सांगतो. पुस्तकात वाचलेली घटना आणि ती जिथे घडली ती जागा एकत्र आली की मुले वेगळ्याच कानांनी ऐकतात. एका वर्षी असेच सांगून झाल्यावर मागे उभ्या असलेल्या एका मुलाने विचारले, "सर, मग आपण कोणत्या बाजूचे?"

वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण वर्गात उत्तर ठरलेले असते. इथे मात्र तटाच्या एका बाजूला ज्यांची घरे जळली त्यांचे शहर होते, आणि त्याच शहरात त्या मुलाचा बाप रात्रपाळीला माग चालवत होता. मी त्याला विचारले, "तुझे गाव कोणते?" तो म्हणाला, "धरणगाव."

त्याच्या या उत्तरात इतिहासाची एक गंमत दडलेली होती. धरणगाव, एरंडोल, नंदुरबार हा सगळा खानदेश १६०१ सालापासून मोगलांचा सुभा होता. सुरत जितकी मोगलाई तितकाच खानदेशही मोगलाई. धरणगावचे कापड सुरतेच्या बंदरातून बाहेर जाई. म्हणून तर इंग्रजांनी १६७४ च्या सुमारास तिथे वखार घातली, आणि दुसऱ्याच वर्षी, १६७५ साली, मराठ्यांच्या फौजेने ती लुटली. म्हणजे महाराज सुरतेवर आले तेव्हा या मुलाचे पूर्वज धरणगावातच असतील, तर ते सुरतेच्या साळ्या-कोष्ट्यांसारखेच मोगलांचे रयत असणार आणि घोड्यांच्या टापा ऐकून त्यांनीही घराची कडी लावलेली असणार. मी त्याला एवढेच म्हटले, "अरे, आपल्या घरी त्या वेळी कोण काय करत होते ते आधी शोधावे. बाजू मग ठरवावी."

या उत्तराने कोणाला महाराजांचा मोठेपणा कमी केल्यासारखे वाटेल. तसे मुळीच नाही. शाएस्तेखान १६६० पासून तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता आणि स्वराज्याचा मुलूख त्याने उजाड केला होता. त्याची भरपाई मोगलांच्याच खजिन्यातून करायची, तर मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर गाठणे हे राजकारण होते आणि ते सडेतोड होते. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले आणि परतताना वणी-दिंडोरीला मोगल फौजेचा पराभव करून गेले. हे सर्व मी शिकवतो आणि ते शिकवताना माझाही आवाज चढतो. पण त्याच वर्गात मी हेही शिकवतो की सुरतेच्या ज्या रयतेची घरे जळली त्यांनी पुण्याचे काही बिघडवले नव्हते. त्यांच्या राखणीला जो नेमला होता तो सुभेदार किल्ल्यात दडून बसला, आणि बादशहाने शहराला विटांचा कोट घालायला सांगितला तो सगळे होऊन गेल्यावर. आमच्या शेजारच्या गुजराती मुलाला ही दुसरी बाजू घरात ऐकायला मिळते. मराठी मुलाने ती ऐकली तर त्याचा अभिमान कमी होत नाही, शहाणा होतो.

पण माझ्या मनातला खरा सल वेगळाच आहे. सुरत आणि मराठी माणूस यांचा संबंध काही त्या चार-सहा दिवसांचा नाही. तो त्याच्या आधीचा आहे आणि नंतरचाही. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या रस्त्याने गेला आणि नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची व तिथल्या विणकरांची त्याने तारीफ केली. म्हणजे कापसाचा, कापडाचा आणि तांदळाचा हा रस्ता आधी आणि फौजा मागून. पुढे अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड हाताशी धरून गुजरातेत पाय रोवले. बडोद्याच्या आधी गायकवाडांचे ठाणे होते ते हे सोनगड, आपल्या धुळे रस्त्यावरचे, आज तापी जिल्ह्यात असलेले. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी तह केला तो सुरतेचा तह म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यातूनच पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. सुरतेच्या उत्पन्नावरचा पेशव्यांचा हक्क सुटला तो १८०२ च्या वसईच्या तहात.

राजकारण सोडून द्या. माझ्यासारख्या शाळामास्तराला या शहरातला सर्वांत जवळचा वाटणारा मराठी माणूस म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ साली ज्यांचे मराठी व्याकरण छापले गेले तेच हे दादोबा. १८४० च्या दशकात ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. इथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम या गुजराती शिक्षकाशी पडली. दोघांनी आणखी काही मित्र जमवून २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. माणूस सारा एक, धर्म एक, जातीचा अभिमान खोटा, असे ते उघडपणे बोलू लागले. भूत उतरवणाऱ्या आणि मंत्रतंत्र करणाऱ्या लोकांना त्यांनी जाहीर आव्हान दिले की तुमची करामत आमच्यापुढे करून दाखवा. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनी चर्चेला घेतला. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम मास्तर, दिनमणिशंकर आणि दामोदरदास, पाचही नावे 'द'ने सुरू होणारी. म्हणून लोक त्यांना पाच 'दद्दा' म्हणत. दोन वर्षांत दादोबा सुरत सोडून गेले आणि सभा मंदावली. पण पुढे १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली तिचे बीज या सुरतेच्या बैठकांत होते.

आता पाहा, एका मराठी मास्तराने आणि एका गुजराती मास्तराने मिळून पश्चिम हिंदुस्थानातल्या समाजसुधारणेचा पहिला पाट या शहरात खणला, ही गोष्ट आमच्या मुलांना का माहीत नसावी? तिच्यात तलवार नाही म्हणून ती कमी महत्त्वाची ठरते काय? घराघरांतून सुरत म्हटली की १६६४ हेच साल निघते, १८४४ निघत नाही. द्विभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला यापेक्षा अधिक उपयोगाचा इतिहास दुसरा कोणता असेल, मला तरी सांगता येणार नाही.

आणि ही गोष्ट आपल्याला कळते तरी कशी? दोन माणसांनी कागद जपले म्हणून. दुर्गाराम सभेच्या कामकाजाची टिपणे ठेवीत. त्यांच्या आधारे महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र गुजरातीत लिहिले. दादोबांनी आत्मचरित्र लिहून ठेवले होते, ते अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. ही टिपणे आणि ते आत्मचरित्र वाण्याच्या पुड्या बांधायला गेले असते, तर सुरतेच्या इतिहासातून हे मराठी पान कायमचे फाटले असते. वस्तुसंग्रहालयाचेही असेच आहे. त्याच्या कपाटात इतिहास आपोआप येऊन बसत नाही. कोणी तरी जपलेले आणि कोणी तरी आणून दिलेले तेवढेच तिथे असते. जे आपण दिले नाही ते तिथे दिसत नाही, अशी तक्रार करायला आपल्याला जागा नाही.

जपणे म्हणजे काय ते पाहायचे असेल तर आपल्याच मुलखात, धुळ्याला जावे. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याचा रस्ता धरावा. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर जरा थांबावे, कारण १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा सीमारेषा या स्थानकाच्या मधूनच गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. त्याच वेळी पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातकडे गेली. आपले नातेवाईक दोन्हीकडे राहिले, दप्तरे मात्र इकडची तिकडे झाली.

धुळे १९२६ साली एक लहानसे जिल्ह्याचे गाव होते. त्या वर्षी ३१ डिसेंबरला इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी तिथे देह ठेवला. राजवाड्यांनी जन्मभर काय केले? गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवर, पेट्यांत, पोत्यांत पडलेली दप्तरे शोधली. कित्येक घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. जुन्या कागदांतून इनामाचे, वाटण्यांचे भांडण निघेल ही भीती. तरीही त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड काढले. पहिला १८९८ सालचा, पानिपतच्या दशकातल्या पत्रांचा. ती पत्रे हाती येईपर्यंत पानिपतचा इतिहास आपण बखरींवरून आणि परक्यांच्या लिखाणावरून सांगत होतो. मूळ पत्रे बोलू लागली तेव्हा सबंध इतिहासाची भाषाच बदलली.

राजवाडे गेले तेव्हा त्यांच्यामागे पैसा नव्हता, होते ते कागद. धुळेकरांनी काय केले, तर नऊच दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. भास्कर वामन भट यांच्यासारखी माणसे त्यात होती. राजवाड्यांचे कागद गावाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, ते इथेच राखायचे आणि वाचायचे, हा त्यांचा निर्धार. पुढे त्या कागदांच्या सोबतीला खानदेशातून मिळालेली शिल्पे, ताम्रपट, नाणी, पोथ्या जमत गेल्या आणि मंडळाचे वस्तुसंग्रहालय झाले. सुरतेच्या किल्ल्याला महानगरपालिकेचे बळ आहे. धुळ्याच्या मंडळाची सुरुवात झाली ती चार शिक्षित माणसांच्या जिद्दीवर. तिथल्या दालनात उभे राहिले की प्रथम मनात येते ते हे, की एवढे करायला मोठे शहर लागत नाही. आमच्या नवागामची वस्ती त्या वेळच्या धुळ्यापेक्षा लहान नसावी.

खानदेशातलेच दुसरे उदाहरण तर घरोघर माहीत असलेले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या जे गात ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी वहीत टिपून ठेवले. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. दुसऱ्या वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने आली. ती वही नसती तर मराठीला काय गमवावे लागले असते हे वेगळे सांगायला नको.

मग नवागामजवळ ठेवण्यासारखे आहे तरी काय, असे कोणी विचारील. माझ्या समोरच्या टेबलावर आहे तेच आधी सांगतो. शाळेचे जनरल रजिस्टर. पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात तेव्हा आम्ही ते उघडतो, एरवी ते कपाटात असते. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पालकाचा व्यवसाय, आधीची शाळा, सोडल्याचे कारण असे रकाने असतात. एकदा मी ते सलग वाचले. जुन्या पानांवर जन्मस्थळाच्या रकान्यात शहादे, शिंदखेडे, अमळनेर, पारोळे अशी रांग लागते. पुढच्या पानांवर ती विरळ होत जाते आणि त्या जागी 'सुरत' येऊ लागते. पालकाच्या व्यवसायात 'शेतमजुरी'च्या जागी 'लूम कारीगर' येतो, मग 'रिक्षाचालक', मग 'दुकान'. एक सबंध स्थलांतर त्या रकान्यांत नोंदलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात किती घरे उठली, कोणत्या गावाने कोणत्या गावाला मागून बोलावून घेतले, हे शोधायला उद्या कोणी आला तर त्याला याहून चांगले साधन मिळणार नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. आमची वस्ती रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने खानदेशात परतली. शाळा पुन्हा उघडल्यावरच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांगच्या रांग आहे. काही नावांपुढे तर नंतर हजेरी लागलीच नाही. त्यानंतर ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी शहरात शिरले आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या पुरात किती घरांतल्या ट्रंका, दाखले, फोटो, पत्रे गेली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या आगीत कोणाचे घर जळले ते आपण परक्यांच्या पत्रांतून वाचतो. आपल्याच डोळ्यांदेखत झालेल्या साथीचा आणि पुराचा मजकूर मात्र आपल्यापैकी कोणी लिहून ठेवला आहे का?

आमच्या वस्तीच्या अंगावरून उधन्याहून जळगावकडे जाणारी ताप्ती व्हॅलीची रेल्वे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशचा कापूस सुरतेकडे आणायला हा मार्ग झाला; कापसाच्या मागोमाग त्याच रुळांवरून माणसे आली. पहिल्या पिढीतली ही माणसे आता थकली आहेत. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या दर वर्षी एक-दोन कमी होतात. त्यांच्या नातवंडांतली पुष्कळशी आता गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात वाईट काही नाही; पोटाची भाषा शिकलीच पाहिजे. पण आजोबांनी गावी धाडलेले पोस्टकार्ड वाचता येणारे मूल घरात उरले नाही, तर ते पोस्टकार्ड कोण ठेवील?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे आणि तिला खर्च नाही. प्रत्येक मराठी शाळेत एक कपाट ठेवावे. त्यात घराघरांतून आलेल्या वस्तू ठेवाव्यात: गावाहून आणलेला पितळी तांब्या, पहिले रेशनकार्ड, गिरणीचा किंवा कारखान्याचा पास, पगाराची चिठ्ठी, गावाकडची पत्रे, लग्नपत्रिका, कानबाईच्या गाण्यांची वही. मूळ कागद द्यायचा नसेल तर त्याची प्रत काढून घ्यावी आणि मूळ ज्याचे त्याला परत करावे. प्रत्येक वस्तूसोबत तीन ओळी लिहाव्यात: कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या साली सुरतेत आली. आजी-आजोबांना विचारून या ओळी मुलांनीच लिहाव्यात, मराठीत एकदा आणि गुजरातीत एकदा. गुजरातीत अशासाठी, की शेजारच्या मुलानेही येऊन वाचाव्यात आणि उद्या किल्ल्यातल्या एखाद्या दालनात त्यांना जागा मागायची वेळ आली तर त्या तयार असाव्यात. दादोबा आणि दुर्गाराम एका सभेत बसत होते. त्यांच्या शहरात एका कपाटावर दोन भाषांतल्या चिठ्ठ्या असणे हे रीतीला धरूनच होईल.

आमच्या शाळेत या कामाला सुरुवात झाली आहे. कपाट जुने आहे, एका दाराची काच गेलेली आहे, आणि वस्तू अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यात एक डबा आहे, शहाद्याहून आलेल्या एका बाईंचा. त्यांनी त्यात पहिल्या वर्षी गावी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. मुलांना त्या पावत्या किल्ल्यातल्या तोफेइतक्याच लक्ष देऊन पाहताना मी पाहिले आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची साफसफाई झालेली असेल. दर वर्षी या दिवसांत आपण माळे झाडतो आणि जुन्या वह्या, पत्रे, दाखले एका गोणीत भरून पस्तीवाल्याला देतो. त्याच आठवड्यात आपले गुजराती शेजारी लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन करतात. हिशेबाच्या वहीला कुंकू लावून हात जोडतात. शेजाऱ्यांकडून आपण इतके काही घेतले आहे, तर वहीला मान देण्याची ही रीतही घ्यायला हरकत नाही. पस्तीवाला अजून यायचा असेल तर गोणी एकदा उलटी करून पाहावी. त्यातले एखादे पोस्टकार्ड जवळच्या मराठी शाळेत नेऊन द्यावे; शाळा ते ठेवून घेईल.